मदत हवी आहे: चिकट पानांच्या अल्बममधले जुने फोटो कसे सोडवावेत?

गावच्या इतिहास मंडळाकडे देणगीत काही अल्बम आलेत. पानं चिकट, वर प्लास्टिकचा पापुद्रा. काही फोटो सुटतात, काही हलतच नाहीत. एक तसबिरीच्या काचेलाच चिकटलाय. सोबतच्या हिशेबवहीला बुरशी आहे. प्रदर्शनासाठी लॅमिनेशन करावं का?

प्रतिसाद १
लॅमिनेशन अजिबात नको, ते परत काढता येत नाही. प्रदर्शनात छापील प्रती लावा.

आधी प्रत्येक पान आहे तसं स्कॅन करा. कोणाशेजारी कोणाचा फोटो, खाली काय लिहिलंय, हे एकदा मोडलं की गेलं. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस कोपऱ्यातून फोटोखाली घालून करवतीसारखा मागेपुढे सरकवा. फोटो सपाटच राहू द्या. उचलून ओढला की चित्र धरून ठेवणारा वरचा जिलेटिनचा थर तडकतो. हेअर ड्रायर नको, गोंद पातळ होऊन कागदात मुरू शकतो. फ्लॉस अडलाच तर हट्ट सोडा आणि फोटोभोवतीचं पान कापून पाठीमागच्या तुकड्यासकट ठेवा.

काचेवरचा फोटो काचेसकट स्कॅन करायचा. जिलेटिन दमटपणाने मऊ होऊन काचेला धरतं, ओढलं तर चित्र काचेवरच राहील.

धागाकर्ता
आभार. वही उन्हात टाकू का? आणि स्कॅन किती डीपीआयला (दर इंचात किती ठिपके)?

प्रतिसाद २
उन्हाने शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर सुकवा. ओली बुरशी पुसली तर कागदात पसरते. भुकटी झाल्यावर मऊ ब्रशने झाडा, उघड्यावर, एन९५ मास्क लावून. डांबरगोळ्यांचा बुरशीवर भरवसा नको. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की ती परत येते, म्हणून आधी आर्द्रतामापक घ्या.

४×६ इंची फोटो ६०० डीपीआय, टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार). रंगीत फाइल साधारण २६ एमबीची होते. पासपोर्ट आकाराला १२००. वाटायला वेगळी जेपीजी प्रत. एक हार्ड डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा.

प्रतिसाद १
पाकिटं पीव्हीसीची नकोत, त्यातून आम्ल सुटतं, पॉलिएस्टरची घ्या. नोंदवहीतला क्रमांक फोटोमागे कडेला, मऊ पेन्सिलीने. प्लास्टिकचा लेप असलेल्या नव्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर, पण फोटो आत सरकवण्याआधी लिहा. आणि देणगीदाराकडून छापण्याची परवानगी आत्ताच लेखी घ्या.