सल्ला हवा: कार्ड रीसेट झालं की डिव्हाइसचं नाव बदलतं, ते कायम कसं ठेवायचं?

अर्धाबाइट
एका पीसीआय-एक्सप्रेस डेटा कॅप्चर कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर माझ्या गळ्यात पडलाय. मशीनमध्ये चार कार्डं, त्यामुळे डेव्ह फोल्डरमध्ये कॅप० ते कॅप३ अशी नावं. फर्मवेअर अधूनमधून अडकतं, मग ड्रायव्हरचा वॉचडॉग (कार्ड अडकलंय का यावर लक्ष ठेवणारा भाग) कार्डाला रीसेट मारतो. त्यासाठी तो स्वतःचंच रिमूव्ह (कार्ड निघतानाचं) आणि लगेच प्रोब (कार्ड जोडतानाचं) फंक्शन चालवतो. क्रमांक आयडीए (कर्नलचा क्रमांक वाटणारा भाग) देतो.

झालं असं, की कॅप१ अडकलं आणि परत आलं ते कॅप४ होऊन. दुसऱ्या वेळी मात्र कॅप१ म्हणूनच आलं. मेळच लागत नाही. गेल्या आठवड्यात तर कहर झाला. दोन कार्डं एकदम अडकली आणि क्रमांकांची अदलाबदल करून परत आली. एरर नाही, काही नाही, रात्रभर एका सेन्सरचा डेटा दुसऱ्याच्या फाइलीत!

यूडेव्हचा (डेव्ह फोल्डरमधली नावं सांभाळणाऱ्या सेवेचा) नियम लिहून भागेल, की ड्रायव्हरलाच हात घालू?

उंबरठा
यूडेव्ह. बसवरच्या पत्त्यावरून सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारं दुसरं नाव) करा, दहा मिनिटांचं काम. डिस्कना बाय-पाथ आणि बाय-आयडीखाली जशी नावं मिळतात, तसंच. चालत्या ड्रायव्हरच्या नादी कशाला लागता?

जुनाखिळा
सिमलिंक कराच, पण तुमचा आजार त्याने बरा होणार नाही. ज्या प्रोग्रॅमने फाइल आधीच उघडलीय, त्याच्या हातात जुनं, मेलेलं डिव्हाइसच राहणार.

आधी मेळ लावून देतो. आयडीए नेहमी सगळ्यात लहान मोकळा क्रमांक देतो. तुमचा ड्रायव्हर क्रमांक परत करतो तो बहुतेक रिलीजमध्ये, म्हणजे शेवटचा संदर्भ सुटल्यावर. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल धरून ठेवली असेल तर १ अडकलेला, म्हणून ४ मिळतो. प्रोग्रॅमने एरर बघून फाइल वेळेत सोडली तर १ परत मिळतो. आणि दोन कार्डांचे क्रमांक एकदम मोकळे झाले, की ज्याचा प्रोब आधी त्याला लहान क्रमांक. तुमची अदलाबदल तिथेच झाली. यूएसबी-सिरियलचं ० नंबरचं पोर्ट उघडं असताना केबल काढून परत लावली की ते १ होऊन येतं, त्याचंही कारण हेच.

आता मुद्द्याचं. रीसेटला मुळात डिव्हाइस अनरजिस्टर का करताय? रीसेट हार्डवेअरचा आहे, कॅप१ या वस्तूचा नाही. डिव्हाइस रजिस्टर प्रोबमध्ये एकदाच करायचं. रीसेटच्या वाटेवर एवढंच: नवीन विनंत्या थांबवा, चालू डीएमए (कार्डाचं थेट मेमरीत लिहिणं) बंद करा, इंटरप्ट बंद करा, कार्ड रीसेट करा, कार्डाची रजिस्टरं आणि डीएमएच्या रिंगा (गोल रांगा) नव्याने भरा, वाट मोकळी करा. मधल्या काळात रीड करणाऱ्याला थांबवून ठेवा किंवा एरर द्या, ते तुमचं धोरण. एनव्हीएमई (एसएसडी डिस्कचा) ड्रायव्हर वाचून बघा. कंट्रोलर रीसेट होतो तेव्हा रांगा गोठतात, पण डिस्क जागची हलत नाही. नेटवर्क ड्रायव्हरही एरर आल्यावर इंटरफेस डिटॅच करतात आणि सावरल्यावर अटॅच. नाव तेच, इंटरफेसचा इंडेक्सही तोच.

पीसीआयमध्ये यासाठी जागा आयती आहे. एरर हँडलरच्या स्ट्रक्चरमध्ये रीसेट_प्रिपेअर आणि रीसेट_डन भरा. बसच्या चुकीतून सावरायचं असेल तर एरर_डिटेक्टेड, स्लॉट_रीसेट आणि रिझ्यूमही.

टीपकागद
आणि इतकी उठाठेव नको असेल तर? प्रोबनंतर डिव्हाइस_रिनेम मारून जुनं नाव परत द्यायचं.

जुनाखिळा
@टीपकागद, नको. त्या फंक्शनच्या डोक्यावरची कॉमेंटच सांगते की नव्या कोडमध्ये हे वापरू नका. नेटवर्कवाले वापरतात म्हणून ते अजून जिवंत आहे. नाव बदलेपर्यंत यूडेव्हने जुन्या नावाची घटना उचललेली असते, मग निस्तरत बसा.

सातवाफेरा
वरचं सगळं मान्य, पण एक भोक राहतं. कार्ड बसवरूनच गळलं, लिंक पडली, तर हॉटप्लगवाला (चालू मशीनमधली कार्डांची काढ-घाल सांभाळणारा कर्नलचा भाग) तुम्हाला न विचारता रिमूव्ह चालवतो. तिथे वस्तू टिकवता येत नाही, फक्त क्रमांकाची आठवण ठेवता येते. मी मॉड्यूलमध्ये एक छोटी यादी ठेवतो: सिरियल नंबर आणि त्याला दिलेला क्रमांक. रिमूव्हमध्ये क्रमांक आयडीएला परत करायचा नाही, मॉड्यूल उतरवतानाच करायचा. सिरियल पीसीआय_गेट_डीएसएन देतं. शून्य आलं तर कार्डाला सिरियलच नाही असं समजायचं, आणि सगळे एफ (म्हणजे सगळे बिट १) आले तर कार्ड बोलतच नाहीये. या दोघांना यादीत घेऊ नका, नाहीतर चारही कार्डं एकाच क्रमांकावर हक्क सांगतील.

रिमूव्हमध्ये सीडेव्ह_डिव्हाइस_डेल न चुकता करा. जुनी नोंद राहिली तर तेच नाव परत देताना सिसएफएस (डिव्हाइसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारा कर्नलचा भाग) डुप्लिकेट फाइलनेम म्हणून ओरडतो आणि प्रोब उणे १७ (आधीच अस्तित्वात आहे) ही एरर घेऊन बाहेर पडतो. बसच्या पत्त्यावर मात्र विसंबू नका. मध्ये स्विच असेल तर बस क्रमांक बूटगणिक बदलू शकतो. @उंबरठा, तुमचा सिमलिंकही सिरियलवरूनच करा.

उंबरठा
घेतलं मागे. :)

अर्धाबाइट
@जुनाखिळा यांच्या पद्धतीने रीसेटची वाट वेगळी काढली. सिसएफएसमधल्या त्या कार्डाच्या रीसेट फाइलीत १ लिहून पुन्हा पुन्हा झोडपलं, प्रोग्रॅमची फाइल उघडी ठेवून. कॅप१ कॅप१च राहिलं! सातवाफेरांची यादीही घातली.

पण आता नवीनच. वॉचडॉगचं काम वर्कक्यूमधून (कर्नलच्या मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेतून) पीसीआय_रीसेट_फंक्शन बोलावतं. नेमक्या त्याच वेळी मॉड्यूल उतरवलं की आरएमएमॉड लटकतं ते लटकतंच.

सातवाफेरा
रिमूव्हमध्ये कॅन्सल_वर्क_सिंक आहे ना? रिमूव्ह डिव्हाइसचं लॉक धरून कामाची वाट बघतंय, आणि काम रीसेटसाठी तेच लॉक मागतंय. पीसीआय_ट्राय_रीसेट_फंक्शन वापरा. लॉक मिळालं नाही तर ते ईअगेन (नंतर पुन्हा प्रयत्न करा) ही एरर देऊन परत येतं. रिमूव्ह सुरू झाल्याचा एक झेंडा ठेवा. तो वर असेल तर काम गुमान संपवायचं, नसेल तर थोड्या वेळाने पुन्हा रांगेत.

जुनाखिळा
आणि प्रोग्रॅम कार्डाची मेमरी एममॅप करत (थेट आपल्या पत्त्यांवर जोडून घेत) असेल तर रीसेटआधी अनमॅप_मॅपिंग_रेंज विसरू नका. नाव टिकेल, पण रीसेट चालू असताना तो त्या पत्त्यावर वाचत बसेल आणि सगळे एफ डेटा म्हणून फाइलीत लिहील.

अर्धाबाइट
करतो एममॅप. उद्या तेच बघतो.