रेडिओचा स्वस्त रिमोट: कोणी काय जुगाड केला?

वावरवाला
परवा माळा साफ करताना आबाजींचा लाकडी रेडिओ हाती लागला. डायलच्या काचेवर ती लाल रेघ अजून शाबूत आहे. जिनिंगमध्ये गाठीवर मार्का मारतात त्या रंगाची. काटा रेघेवर आणला की नागपूर, ५८५ किलोहर्ट्झ. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही बरोबर लागायचं.

आता घरात जो रेडिओ आहे तो पुतण्याने पॉलिटेक्निकच्या सुट्टीत जोडला. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, छोटा ॲम्प्लिफायर आणि जुन्या डेकचे स्पीकर. नेटवरून आकाशवाणी, विविध भारती एकदम स्वच्छ. मिडियम वेव्हवर एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टरची किरकिरच जास्त ऐकू येते. गोची एवढीच की स्टेशन बदलायला मोबाईल लागतो आणि बाबांकडे बटणांचा फोन. ते पडवीत खाटेवर, रेडिओ मधल्या खोलीत. तयार रिमोट पाहिला तर रेडिओच्या अर्ध्या खर्चाचा निघाला. तुम्ही स्वस्तात काय केलं ते सांगा. फसलेले प्रयोगही चालतील.

जुनाट_सेल
भाऊ, पैसे कायले लावता? डिशचा जुना रिमोट घरोघरी पडून हाय. फक्त रिमोटचा सिग्नल पकडणारा सेन्सर घ्या, व्हीएस १८३८बी, वीस-तीस रुपयात भेटते. थो ३.३ व्होल्टवर चालते म्हणून रास्पबेरीले तोच बरा. टीएसओपी १७३८ हा दुसरा सेन्सर ५ व्होल्टचा, त्याचं आउटपुट डायरेक्ट पिनवर देऊ नका, बोर्ड जाईन. आन दोघांच्या पायांचा क्रम येगळा! घुमट आपल्याकडे धरला तं डावीकडून १८३८बी ले आउट, ग्राउंड, प्लस. टीएसओपीले ग्राउंड, प्लस, आउट. उलटा लावला का गरम होऊन खल्लास. दुकानात अशे बम येतात.

वावरवाला
वा, हेच पाहिजे होतं. पण कोणतं बटण दाबलं ते रेडिओला कळणार कसं?

जुनाट_सेल
रास्पबेरीच्या कॉन्फिग फाईलमधे सेन्सर चालू करणारी जीपीआयओ-आयआर ची ओळ टाका. मंग आयआर-कीटेबल हा प्रोग्राम चालू करून एकेक बटण दाबा, कोड समोर दिसते, लिहून घ्या. स्वस्त बॉक्सचे बहुतेक रिमोट एनईसी नावाच्या कोड पद्धतीचे असतात, लगेच ओळखते. नाई ओळखलं तं दुसरा रिमोट घ्या, डोकं फोडू नका. गिऱ्हाईक आलं, बाकी रात्री

पऱ्हाटी
घरात जो बॉक्स चालू आहे त्याच कंपनीचा रिमोट मात्र घेऊ नका हं. आमच्याकडे सासूबाई मालिकेचा आवाज वाढवायच्या आणि कोनाड्यातलं भजन पण मोठं व्हायचं. सासऱ्यांना वाटे या मुद्दाम करून राहिल्या. दोन दिवस अबोला.

पाटोडी
हाहाहा, सासऱ्यांना सांगितलं की नाही शेवटी?

पऱ्हाटी
कशाला? घर शांत होतं की :)

शाळामास्तरीण
माझ्याकडे प्रेझेंटेशनचा पॉइंटर होता, ऑनलाइन शिकवणं बंद झाल्यापासून पडून. त्याचं डोंगल यूएसबीत लावलं की मशीनला तो कीबोर्डच वाटतो, पेज अप आणि पेज डाउन. मुलाने पेज डाउनवर पुढचं स्टेशन बसवलं, झालं. २.४ गिगाहर्ट्झवर चालतो म्हणून नेम धरावा लागत नाही, ओसरीतून भिंतीपलीकडचं स्टेशन बदलतं. डिशच्या रिमोटला समोरासमोर बसावं लागतं, तुमच्या पडवीतून तो पोचणार नाही. आवाजाला बटण नाही हा एक तोटा. दुसरा तोटा लेझरचा, आमची मांजर दिवसभर भिंतीवर चढून राहिली आहे.

वावरवाला
ताई, आमची भिंत मातीची आहे, चांगली दीड फुटाची. चालेल ना?

शाळामास्तरीण
आमचीही मातीचीच, चालतो. मध्ये पत्र्याचं कपाट किंवा कोठी येऊ देऊ नका, लोखंडाने अडतं. चला, खिचडी शिजली, पोरं ताटं वाजवून राहिली.

रोह्याचा_शेजारी
रेडिओवरून आठवलं. जागलीले आम्ही रेडिओ मचाणावर टांगून ठेवत होतो. स्टेशन बंद झालं तरी खरखर चालू ठेवायची, तेवढ्यानंही डुकरं येत नव्हते. आता रोही म्हणजे नीलगायी त्याच मचाणाखाली उभे राहून हरभरा खातात. त्याईच्या हाती रिमोट दिला तं स्टेशन लावतीन मनपसंत

थ्री_फेज
कुंपणाले करंट देणारी झटका मशीन लावा भाऊ, रेडिओनं काई होत नाई आता.

रोह्याचा_शेजारी
लावली होती. बॅटरीच चोरीला गेली.

थ्री_फेज
ते पण खरं. आमच्याकडे मोटरचा केबल नेला.

नुसता_वाचक
एसीचा रिमोट पडून आहे, तो चालेल का?

जुनाट_सेल
एसीचा रिमोट दर वेळी टेम्परेचर, पंखा, मोड सगळं एकदमच पाठवते, लंबाचौडा कोड. त्याच्या मागं लागू नका. डिशचाच पाहा.

ठिपका
आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी पण डिशचाच रिमोट लावला. रिमोटवर चाळीसेक बटणं, तिला लागतात चार. एखादं भलतंच दाबलं जायचं आणि रेडिओ गप्प. मग रिमोट उघडला. आत रबराची चटई असते, प्रत्येक बटणाखाली काळा कार्बनचा ठिपका. नको असलेल्या बटणांच्या जागी खालच्या पट्टीवर सेलोटेप चिकटवली. बटण दाबलं जातं, पण काही होत नाही. उरलेल्या चारवर खड्याच्या टिकल्या लावल्या. आवाज वाढवायला मोठी, कमी करायला बारीक. ती न बघता बोटाने चाचपून लावते. टिकली झिजली की मुलगी आपल्या पाकिटातली काढून देते.

पऱ्हाटी
किती छान. सासूबाईंच्या रिमोटला आजच टिकली. साडीला मॅचिंग हवी म्हणतील तो भाग वेगळा.

नुसता_वाचक
रिमोट चालू आहे की बिघडला ते आधी बघून घ्या सगळे. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा. जांभळा उजेड लुकलुकला तर रिमोट ठीक. मागचा कॅमेरा बरेचदा दाखवत नाही. काकांनी सेन्सर तीनदा सोल्डर केला, रिमोटचे सेल गळलेले होते.

थ्री_फेज
माझं मत वेगळं आहे. रिमोटचं नंतर बघा, आधी लाईट गेल्यावर रेडिओचं काय होते ते बघा. आमच्या फीडरवर लाईटचा भरवसा नाही. रेडिओ वाजवायला एमपीडी हा प्रोग्राम वापरत असाल तर शेवटचं स्टेशन लक्षात ठेवणाऱ्या स्टेट फाईलची ओळ चालू ठेवा. लाईट आली की तेच स्टेशन आपोआप लागते, बुढ्या माणसाला उठावं लागत नाही. मेमरी कार्ड अशा झटक्याने खराब होते, एक भरून बाजूला ठेवा. डेटाची चिंता नको, ६४ केबीपीएसवर तासाला २९ एमबीच्या आसपास जातात.

मोठी_माय
आमच्या बाबांना दिवसभर विविध भारतीच लागायची. गेल्या पोळ्यानंतर ते गेले. रेडिओ सुरू झाला की अजून तेच स्टेशन लागते, बदलायचं मनातच येत नाही कोणाच्या. दादा, तुमच्या बाबांना विचारून पाहा, कदाचित त्यांना चालू-बंद आणि आवाज एवढंच पुरेल.

पाटोडी
ताई :( सांभाळा.

वावरवाला
विचारलं. म्हणतात, नागपूर, विविध भारती आणि बातम्या. बाकी नको. म्हणजे तीन स्टेशनं आणि आवाज, पाच बटणं. पॉइंटरला आवाजाचं बटण नाही, म्हणून डिशचा रिमोट आणि ठिपका ताईंची सेलोटेप. सेन्सरला लांब वायर जोडून चौकटीतून पडवीत आणतो, म्हणजे भिंतीचा प्रश्न मिटला. चालेल ना सेल भाऊ? सोमवारी नागपूरला जाणं आहे, सीताबर्डीत सेन्सर भेटून जाईल बहुतेक.

जुनाट_सेल
भेटते. वायर शिल्डवाली घ्या, साध्या वायरनं फालतू सिग्नल येतात. सेन्सरच्या पायाजवळ प्लस आन ग्राउंडमधे एक छोटा कपॅसिटर टाका. पाच सेन्सर आणजा, दोन माह्यासाठी, पैसे फोनवर टाकतो.

रोह्याचा_शेजारी
सीताबर्डीत झटका मशीनची बॅटरी भेटते काय? १२ व्होल्टची

वावरवाला
भेटत असेल, पण एसटीत कोण उचलून आणेल राजेहो!