मदत हवी आहे: वनहक्क दावा 1 हेक्टर 60 आरचा, शिफारस फक्त 48 आरची

डोंगरउतार:
ठाकर पाड्यावरच्या एका कुटुंबासाठी विचारतोय. कसत असलेल्या वनजमिनीवर वनहक्क कायद्याखाली (2006) त्यांनी दावा केलाय. पाडा अनुसूचित क्षेत्रात, जमीन अभयारण्याच्या हद्दीत. थोडं खाचर (भाताचं बांधबंदिस्त शेत), बाकी वरकस (उतारावरची हलकी जमीन). ग्रामसभेने 1 हेक्टर 60 आर मान्य केले होते. प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीने जिल्ह्याकडे 48 आरचीच शिफारस केली. कारण एका ओळीत: ‘उपग्रह चित्रात लागवड दिसत नाही.’ पत्र 20 दिवसांपूर्वी मिळालं. उरलेल्या जमिनीत रोपवनासाठी चर खोदायची आखणी झाली आहे. अभयारण्यात हक्क मिळतच नाही, असंही सांगतात. काय करावं?

सातबारा_बांध:
आधी मुदत. पत्र मिळाल्यापासून 60 दिवसांत जिल्हास्तर समितीकडे अर्ज जायला हवा. आणखी 30 दिवस समितीच्या मर्जीवर असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. माहिती अधिकारात मोजणीचा नकाशा, स्थळपाहणीचा पंचनामा, समितीचं इतिवृत्त आणि ते उपग्रह चित्र तारखेसह आजच मागा. उत्तराला 30 दिवस धरा.

चित्राची तारीख फार महत्त्वाची. वरकसात नाचणी, वरई, खुरासणी अशी फिरती पिकं घेऊन जमीन काही वर्षं पड टाकतात. त्या वर्षी किंवा उन्हाळ्यात टिपलेल्या चित्रात शेत झुडपी जंगलासारखंच दिसणार. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत, नियम 12-अ मध्ये, स्पष्ट आहे: उपग्रह चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी ते घेता येत नाही. विशिष्ट कागदाचाच हट्टही समितीला धरता येत नाही आणि दावा कमी करायचा तर सविस्तर कारणं द्यावी लागतात. एका ओळीचं कारण त्यात बसत नाही. अर्जात हाच मुद्दा पहिला घ्या.

पुरावे नियम 13 मधले किमान दोन हवेत, चार द्या. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दिसला पाहिजे. वनखात्याने अतिक्रमणासाठी केलेल्या जुन्या दंडाच्या पावत्या असतील तर उत्तम. नसल्या तरी केवळ त्यावरून दावा फेटाळता येत नाही. दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचे लेखी जबाब घ्या आणि त्यांत चतुःसीमा, पिकं, कोणी कसलं हे येऊ द्या. ‘पूर्वीपासून कसतात’ एवढ्याच जबाबाला वजन नसतं. दगडी ताली (उतारावर माती अडवणारे बांध), खाचराचे बांध, लावलेले जुने आंबे यांचे फोटो घ्या आणि प्रत्येक खूण नकाशावर दाखवा.

मोजणीदार:
क्षेत्र घटण्यात जीपीएसचाही हात असू शकतो. 20 मीटर रुंदीच्या पट्टीत मोजणारा जीपीएस घेऊन दोन्ही कडांना 4-4 मीटर आत चालला तर 12 मीटरच उरतात, म्हणजे 40 टक्के क्षेत्र गेलं. फेरमोजणी मागा. पानगळीनंतर, बाहेरच्या बांधावरून चाला, प्रत्येक वळणावर थांबून बिंदू घ्या. एक मात्र समजून घ्या: उतारावर टेप धरून काढलेलं क्षेत्र जास्तच येतं. 30 अंशांच्या उतारावर सपाट क्षेत्र सुमारे 13 टक्के कमी भरतं आणि अभिलेखात सपाट क्षेत्रच धरतात. तेवढ्या फरकासाठी भांडू नका, बाकीचा मुद्दाही दुबळा होतो.

डोंगरउतार:
आभारी आहे दादा. वनखात्याचं म्हणणं, पाहणीला त्यांचं कोणी हजर नव्हतं.

सातबारा_बांध:
त्यांना सूचना दिल्याची पोच ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे आहे का बघा. गैरहजेरीवरून नंतर हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेची पडताळणी अंतिम.

रानवाट:
अभयारण्याबद्दल सांगितलेलं चूक आहे. कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं दोन्ही येतात. कलम 4(5) प्रमाणे पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातून हटवता येत नाही. उभ्या शेतात चर खोदले की नाचणीचे वाफे जातात आणि ताब्याची खूणही पुसते, म्हणून हे आधी थांबवायला हवं. ग्रामसभेचा ठराव जोडून वनक्षेत्रपालांना पत्र द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

‘48 आर मान्य’ अशा कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. जिल्ह्यानेही नाकारलं तर 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय समितीकडे अपिलाची वाट आहे. पट्टा (हक्काचा दाखला) होईल तेव्हा पती-पत्नी दोघांची नावं आहेत ना, तेही तपासा.