सहल २४-२५-२६ जानेवारी : अंतिम कार्यक्रम (कृपया वाद नको)

सेक्रेटरी बोरस्ते, बी-२०१ : सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार. कार्यक्रम पुन्हा टाकत आहे. शनिवारी पहाटे ४ वा. गेटवरून बस. दुपारी मुरूड, सायं. ४.३० ते ६.३० समुद्रस्नान व खेळ. रविवारी हर्णै, सुवर्णदुर्ग, आंजर्ले, केळशी, वेळास. सोमवारी वेसवीहून फेरीबोटीने बागमांडला, हरिहरेश्वर, दिवेआगर व रात्री नाशिक. यात बदल होणार नाही. 🙏

ओवीची आई, ए-४०२ : बोरस्ते काका, मीटिंगला नव्हते म्हणून इथे लिहिते, राग मानू नका. ओवी अजून दोन वर्षांचीही नाही. दुपारी एक ते तीन झोपते. रविवारी पाच ठिकाणं आहेत. तिला कुठल्या गावात झोपवायचं तेवढं सांगा.

निकम भाऊ, बी-३०३ : बसमध्ये. आम्ही पण तिथंच झोपणार 😂

ओवीची आई : भाऊ, तारकर्लीच्या बसमध्ये कोण किती झोपलं ते सगळ्यांना माहीत आहे.

निकम भाऊ : 🤐

गायधनी काकू, ए-२०२ : तारकर्लीचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं ना?

आहेर सर, सी-१०४ : बोर्डीला चला. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, डहाणू. सकाळी निघालो की दुपारचं जेवण तिथे.

ओवीची आजी, ए-४०२ : आमची मुलं एसटीच्या लाल डब्यातून वणी, शिर्डी सगळीकडे हिंडली. झोपेचं वेळापत्रक कुणी काढलं नव्हतं. मुलं कुठेही झोपतात.

ओवीची आई : आई, मी शेजारच्या खोलीत आहे.

ओवीची आजी : मी सगळ्यांना उद्देशून लिहिलं.

सेक्रेटरी बोरस्ते : मान्य आहे की लहान मुलं आहेत. पण एवढ्या लांब जायचं आणि केळशी-वेळास न बघता यायचं, हे बाकीच्यांवर अन्याय होईल. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, मुलांना तर ते आवडेलच.

कुलकर्णी काका, ए-१०१ : जानेवारीत पिल्लं कुठली? कासविणी थंडीत येऊन अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. मुख्य हंगाम मार्च-एप्रिल. आत्ता वेळासला गेलात तर नाना फडणवीसांचं गाव म्हणून जा. मी मूळचा केळशीचा, म्हणून आणखी दोन शब्द लिहितो.

निकम भाऊ : काकांचे दोन शब्द. सगळे बसून घ्या.

कुलकर्णी काका : समुद्राची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर असते. आमच्याकडे सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. शनिवारी षष्ठी, म्हणजे साडेचार. रविवारी रथसप्तमी, सव्वापाच. सोमवारी अष्टमी, सहा. आता बोरस्त्यांचा 'साडेचार ते साडेसहा समुद्रस्नान व खेळ' पुन्हा वाचा. अष्टमीच्या आसपासचा समुद्र भांगाचा, अमावास्या-पुनवेच्या उधाणासारखा चढणार नाही. तरी पाणी वर आलेलं असेल आणि लहान मूल बसवावं अशी ओली, सपाट वाळू त्याखाली गेलेली असेल. मुलांची वेळ सकाळची, आठ ते दहा. पाणी ओसरत असतं, ऊन चढलेलं नसतं. फक्त खाडीच्या मुखाजवळ नेऊ नका. आंजर्ल्याला आणि केळशीला ओहोटीची ओढ तिथे जबर असते, गुडघाभर पाण्यातही मोठा माणूस डगमगतो.

निकम भाऊ : पाऊणचा पाढा कुणाला येतो का? 😂

गायधनी काकू : आम्हाला पाउणकी, सवायकी, दीडकी सगळं पाठ होतं. तुमच्यासारखं दोन गाड्यांचं पार्किंग मोजायला मोबाईल लागत नव्हता.

निकम भाऊ : काकू, ती दुसरी गाडी मेहुण्याची आहे. आणि दोन दिवसांसाठी आहे.

गायधनी काकू : दोन दिवस दिवाळीपासून चालू आहेत.

सेक्रेटरी बोरस्ते : कृपया विषयाला धरून.

आहेर सर : पाऊणपट बोर्डीलाही लागू होते. किनारा सपाट, ओहोटीला पाणी लांबवर आत जातं. सुरूची झाडं, सावली. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

निकम भाऊ : सर, ओवीला मानांकन दाखवून झोप येणार का?

ओवीची आई : आहेर सरांचं हसण्यावारी नेऊ नका. मला खरंच अंतराची काळजी आहे. मागच्या वेळी कसारा घाटात ओवीला तीनदा उलटी झाली होती. तेव्हा तर आम्ही फक्त कल्याणला जात होतो.

निकम भाऊ : वहिनी, आता घाट कशाला? इगतपुरीला समृद्धीवर चढायचं, बोगद्यातून थेट आमणे. जून २०२५ पासून तो टप्पा चालू आहे. वळणं नाहीत. पुढे भिवंडीत काय होईल ते देवावर.

सेक्रेटरी बोरस्ते : टोल वेगळा पडेल. तो प्रति कुटुंब विभागावा लागेल.

ओवीची आजी : निघताना दूध पाजायचं नाही. साळीच्या लाह्या द्यायच्या, थोड्या थोड्या. आणि मुलाच्या हातात मोबाईल द्यायचा नाही. हे मी सगळ्यांना उद्देशून लिहीत आहे.

ओवीची आई : 🙏

डॉ. वहिनी, सी-३०१ : आजींचं बरोबर आहे. पोट गच्च नको आणि चालत्या गाडीत स्क्रीन नको. उलटीचं औषध मनाने देऊ नका, या वयात डोस वजनावर असतो, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. ओआरएसची पाकिटं ठेवा, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, चमच्याचा अंदाज नको. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. वाळूत बसवलं की डायपर लगेच बदला, ओली वाळू आत राहिली तर संध्याकाळपर्यंत मांड्या सोलवटतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग पुसा. कोरडं घासू नका.

खजिनदार शिंदे, बी-१०२ : डायपरवरून आठवलं. मुलांचं भाडं दोन वर्षांपासून पुढे अर्धं आहे. ए-४०२ चं अर्धं तिकीट बाकी दिसतंय.

ओवीची आई : ओवीला दोन वर्षं २ फेब्रुवारीला पूर्ण होतात. सहल २६ जानेवारीला संपते.

गायधनी काकू : माझ्या नातवाचं तारकर्लीला पूर्ण घेतलं होतं.

खजिनदार शिंदे : काकू, तो नववीत होता.

गायधनी काकू : दिसतो लहान.

आहेर सर : बोर्डीला चला. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, डहाणू. सकाळी निघालो की दुपारचं जेवण तिथे.

खजिनदार शिंदे : सर, हा मेसेज वरही आहे.

आहेर सर : वर कुणी वाचलेला दिसत नाही.

निकम भाऊ : त्या रस्त्याला तोरंगण घाट आहे की सर. त्याची वळणं तुम्ही सोयीने गाळता.

ओवीची आई : शिंदे काका, एक विचारायचं होतं. राहायचं आहे तिथे स्वयंपाकघर वापरू देतात का? ओवीला मऊ भात-मेतकूट रात्री साडेसातला लागतो. ताटं दहाला लागणार असतील तर मी छोटा कुकर घेऊन येते.

खजिनदार शिंदे : घरगुती आहे, सांगितलं की करून देतात. पावतीचा फोटो टाकतो, त्यावर सगळं आहे. पूर्ण पैसे भरलेले आहेत.

ओवीची आई : काका, यावर 'मुरूड, ता. मुरूड, जि. रायगड' लिहिलंय.

खजिनदार शिंदे : हो, मुरूडच.

कुलकर्णी काका : अहो हे जंजिऱ्याचं मुरूड! बोरस्त्यांच्या कार्यक्रमातलं मुरूड दापोली तालुक्यातलं. जिल्हा रत्नागिरी.

निकम भाऊ : 😂😂😂😂 म्हणजे रात्री झोपायला रायगड आणि सकाळी दात घासायला रत्नागिरी

सेक्रेटरी बोरस्ते : मीटिंगच्या इतिवृत्तात 'मुरूड' असंच नमूद आहे.

खजिनदार शिंदे : मला 'मुरूड बुक करा' एवढंच सांगितलं होतं. जिल्हा सांगितला नव्हता.

सेक्रेटरी बोरस्ते : हा मेसेज डिलीट केला आहे.

गायधनी काकू : मी वाचला. शिंदे, तुम्ही वाचला का?

खजिनदार शिंदे : वाचला. पुढच्या सर्वसाधारण सभेत बोलू. पैसे परत मिळत नाहीत, तारीख बदलून मिळते.

डॉ. वहिनी : तारीख नको. माझ्या सुट्ट्या मंजूर झाल्यात.

कुलकर्णी काका : ओरडू नका. लहान मुलं असतील तर हे मुरूड उलट बरं. आपल्याला जवळ, आणि किनारा गावालाच लागून, सपाट, लांब. मूल दमलं की पाच मिनिटांत खोलीवर. समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो, तो किनाऱ्यावरूनच बघा. जंजिऱ्याला राजपुरीहून होड्या जातात. कडेवर मूल घेऊन होडीत चढता-उतरताना तारांबळ होते, वर किल्ल्यात ऊन आणि चढउतार. मोठ्यांनी दोन तुकड्या करून जावं, मुलं खाली ठेवावीत. काशिद फोटोत सुंदर दिसतं, पण तिथे लाट अंगावर येते आणि उतार पटकन खोल होतो. तिथे मुलांना पाण्यात घालूच नका, नारळपाणी प्या आणि परत या.

सेक्रेटरी बोरस्ते : उत्तम. म्हणजे कार्यक्रम असा सुधारता येईल. रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. परतीला काशिद, रेवदंडा, अलिबाग.

ओवीची आई : काका, पुन्हा सहा झाली.

सेक्रेटरी बोरस्ते : श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव आहे. मुलांना इतिहास कळायला हवा.

ओवीची आई : ओवीला अजून 'काऊ' आणि 'माऊ' यांतला फरक तेवढा कळतो. इतिहासाला थोडा वेळ आहे. मी सरळ सांगते. आम्ही तिन्ही दिवस मुरूडलाच. सकाळी आठला वाळूत, दहाला आंघोळ, जेवण, झोप. चारनंतर गावात फेरी, नारळ-सुपारीच्या वाड्या, एखादं देऊळ. संध्याकाळी पाणी वर असेल तेव्हा लांबून बघू. तुम्ही सगळं बघून या, आम्ही कुणाला अडवत नाही. पण बस आमच्यासाठी थांबली आणि मग कुणी तोंड वाकडं केलं, असं नको.

सेक्रेटरी बोरस्ते : कुणीही तोंड वाकडं केलेलं नाही.

गायधनी काकू : तारकर्लीला केलं होतं.

डॉ. वहिनी : आम्ही पण मुरूडलाच राहू. आमचा धाकटा चार वर्षांचा आहे, त्याला एक बादली आणि एक खड्डा पुरतो.

गायधनी काकू : माझे गुडघे हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरायचे नाहीत. मी पण.

निकम भाऊ : मला मासळी खायची आहे. ती बसमध्ये मिळत नाही. मी पण.

गायधनी काकू : मासळीचा तवा वेगळा ठेवायला सांगा. हे पण पावतीवर लिहून घ्या.

ओवीची आजी : मी ओवीपाशी थांबते. सूनबाईला जंजिरा बघायचा असेल तर बघून यावा, तिला लग्नाआधीपासून बघायचा आहे.

ओवीची आई : आई ❤️ पण साडेबाराला भात लागेल.

ओवीची आजी : मला माहीत आहे भात कधी लागतो.

सेक्रेटरी बोरस्ते : रविवारच्या बससाठी नावे. १. बोरस्ते. कृपया पुढे आपापली नावे जोडून मेसेज कॉपी करावा.

सेक्रेटरी बोरस्ते : कृपया नावे जोडावीत.

खजिनदार शिंदे : टँकर गेटवर आलाय. बी विंगची मोटर कोणी लावली आहे का?