कुत्र्याला ॲक्युपंक्चर, कोणी केलंय का?

फोंडेकर७:
आमचा लॅब्रॅडॉर आता ११ वर्षांचा झाला, मागचे पाय पार गेलेत, सकाळी उठताना टाइल्सवर घसरतो आणि मग तसाच बसून माझ्याकडे बघत राहतो. एक्स-रे काढला, हिपचा संधिवात. गोळ्या चालू आहेत पण पोट बिघडतं. कोणीतरी सुया टोचून घ्या म्हणालं. खरंच उपयोग होतो की नुसते पैसे?

बलकांवावरची_मांजर:
आमच्या डॅशहंडला केलं होतं, मणक्याची गादी सरकलेली. केसापेक्षा थोड्या जाड सुया, कमरेजवळ दोन-चार, वीसेक मिनिटं. आधी कुरकुरला, मग चक्क घोरायला लागला! चालायला लागला हे खरं, पण सोबत औषध आणि पिंजऱ्यात विश्रांतीही होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं देव जाणे.

म्हापसेकर_पात्रांव:
पुरावा कच्चा आहे बाबा. २००६ साली प्राण्यांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा आला, त्यात ठोस काही हाती लागलं नाही. करायचंच तर व्हेटकडूनच, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडूनच, माणसांना सुया टोचणाऱ्याकडे नको. आणि पोट बिघडतंय हे व्हेटला आधी सांग, गोळी बदलून मिळेल. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नको.

फोंडेकर७:
थँक्स. उद्या फोन करतो.

बलकांवावरची_मांजर:
वजन किती आहे रे त्याचं? आणि त्या टाइल्सवर आधी जुनी गोणपाटं टाक, पावसात तर फारच घसरतं.