घरात जे पाहिलं, त्यावरून लग्न आणि मुलांचं काय ठरलं? (गोमंतकीयांचे अनुभव)

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी सगळे दायज (भाऊबंद) जमले की गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली एक विषय हटकून निघतो. अमक्याचं अजून का जमत नाही, तमकीला दुसरं कधी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्याचा प्रजनन दर १.३ निघाला, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दीड मूलसुद्धा नाही. "मुली शिकल्या, नोकरीला लागल्या" एवढं म्हणून लोक हा विषय मिटवतात. मला ते अपुरं वाटतं. आईबाबांचा संसार, घरातला पैसा, वाटण्या, कुणाचं परदेशी जाणं हे सगळं लहानपणी मनात मुरतं आणि जोडीदार निवडताना वर येतं. म्हणून हा धागा काढला. नावं लिहू नका, गाव पुरे.

डिचोली
आमचं घर खाणीवर उभं राहिलं. बाबांचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते, दोन्ही बँकेच्या कर्जावर. भाईचं लग्न ठरत आलं होतं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मुलीकडचे म्हणाले, "जरा थांबूया." ते थांबणं काही संपलं नाही. मध्ये काही काळ खाणी सुरू झाल्या, घरात पुन्हा पत्रिका हिंडू लागल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत सगळं ठप्प. भाई आज चाळिशीपलीकडे आहे, एकटाच. आमच्या भागात असे किती भाई आहेत, ते इथल्या कुणालाही विचारा.

माझं लग्न पणजीतल्या ऑफिसातल्या मैत्रिणीशी झालं. तिच्या घरी पगार एक तारखेला यायचा, वडील सरकारी खात्यात. आमच्याकडे पैसा यायचा तेव्हा धो धो, नसायचा तेव्हा किराणासुद्धा उधारीवर. सुरुवातीची आमची भांडणं यावरूनच व्हायची. ती म्हणायची, मूल होऊ दे, बाकीचं होत राहील. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बँकेच्या नोटिशी कपाटात साड्यांखाली लपवणारे बाबा असायचे. डोक्यावरचं कर्ज फिटेपर्यंत मूल नको, यावर मी अडून बसलो. उशिरा मुलगी झाली, दुसरं नको असं दोघांनी ठरवलं. बाबांना हे पटत नाही. "आम्ही चौघांना वाढवलं," म्हणतात. वाढवलं खरं, पण खनिजाच्या भावावर. ती धाकधूक मला माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ द्यायची नाही.

मडगाव
आमच्याकडे सांगण्यासारखं वादळ नाही. आईबाबा दोघं शिक्षक, संध्याकाळी एकत्र भाजी आणायला जायचे. मला तसाच नवरा हवा होता, मिळाला. मुलं दोन. चांगल्या घराचाही परिणाम होतो, एवढं नोंदवावंसं वाटलं.

फोंडा
आईबाबांचं बोलणं मी शाळेत असतानाच बंद झालं, पण आई घर सोडून गेली नाही. पुढची बाजू बाबांची, स्वयंपाकघर आणि मागची पडवी आईची. सिंधुदुर्गातल्या मावशीवर तीच वेळ आली तेव्हा तिला माहेरी परतावं लागलं. आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, अर्धी तिची. बाबांना भाट (नारळाची बाग) विकायचं होतं, त्याला तिची सही लागत होती. तिने दिली नाही. त्या न दिलेल्या एका सहीमुळे आमची शिक्षणं झाली.

तीच आई मामांच्या हक्कसोडीच्या दस्तावर मात्र मुकाट सही करून आली. कायद्यात मुलगा-मुलगी सारखी, पण तिला माहेरचं दार उघडं राहायला हवं होतं.

माझ्या लग्नाच्या वेळी सासरे म्हणाले, धंद्यात कर्जं असतात, मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करून घेऊ. मी होणाऱ्या नवऱ्याला समोर बसवून आईची गोष्ट सांगितली. त्याने स्वतः वडिलांना नको म्हटलं. मूल होऊ द्यायचं धाडस मला त्या दिवशी आलं.

*(धागा काढणारी मीच, हे वाचून राहवत नाही म्हणून मध्ये लिहिते. हा करार लग्नाच्या आधीच करावा लागतो. आपल्याकडे लग्न नोंदवताना निबंधकाकडे दोन वेगळ्या दिवशी सह्या होतात. पहिली सही झाली की दुसऱ्या सहीपर्यंत घरोघर हॉल आणि जेवणावळीचीच चर्चा चालते. त्या दिवसांत दोघांनी हेही बोलून घ्यावं.)*

म्हार्दोळजवळ
माझी पणजी देवळाच्या सेवेतली, म्हणजे देवदासी. तिच्या मुलांच्या कागदावर बापाचं नाव नव्हतं, बाप कोण ते मात्र सगळ्या गावाला माहीत होतं. आजोबांच्या पिढीने मुलींना शाळेत घालायचं आणि रीतसर लग्नं लावायची, असा चंग बांधला. आमचं आजचं आयुष्य त्या हट्टावर उभं आहे. तरी माझ्या लग्नाच्या बोलणीत एका वडीलधाऱ्यांनी "मूळ घराणं कोणतं?" विचारलंच. बाबांनी पणजीचं नाव घेतलं, स्वच्छ आवाजात. ते स्थळ गेलं. पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्याला मी पहिल्यांदा पणजीबद्दल सांगितलं, नोकरीबद्दल नंतर. माझ्या लेकीला तिचंच नाव दिलंय.

वास्को
बाबा आखातात. आम्ही त्यांना सुटीतला पाहुणा म्हणून ओळखत होतो. नवऱ्याकडे आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, लग्नानंतर तो इंग्लंडला गोदामात कामाला गेला. सासू म्हणते, बाळ झालं की तो परत येईल. आमचे बाबा माझ्या जन्मानंतरही आले नव्हते. एक तर मी तिकडे जाईन किंवा तो इकडे येईल, मग मूल.

काणकोण
मी थोरली. आई अंथरुणाला खिळलेली, तिघा भावंडांच्या वेण्या, डबे, ताप मी काढले. तिशी गाठेपर्यंत बाळ म्हटलं की अंगावर काटा यायचा, आणि हे कुठल्या स्थळाला सांगणार? घरच्यांनी देवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला, तो उजवा (होकाराचा) झाला, तरी मी नकारच दिला. शेवटी एका विधुराशी लग्न केलं. त्याची मुलगी तेव्हा नववीत. तिला वेण्या घालायच्या नव्हत्या, तिला गणित समजावणारं कुणी हवं होतं, आणि ते मला जमतं. ती मला मावशी म्हणते, मला आवडतं. सासरचे अजून "स्वतःचं एक तरी" म्हणतात तेव्हा नवरा विषय बदलतो, त्याने सरळ उत्तर द्यावं असं मला वाटतं. सावत्र नात्यात गेलेल्या बायका इथे असतील तर त्यांनी नवऱ्यांना यावर कसं बोलतं केलं, ते लिहा.