शुगर बीटसाठी अख्खे रान नांगरावे, की ओळीपुरतेच मोकळे करावे?

पाभर (नॉरफोक, इंग्लंड):
पूर्व इंग्लंडमध्ये शुगर बीट, म्हणजे ज्याच्या जाड मुळापासून साखर काढतात ते पीक, गहू किंवा जवाच्या बेवडावर (म्हणजे त्या पिकानंतर), तीन-चार वर्षांच्या फेरपालटीत एकदा घेतले जाते. नॉरफोकमधील कँटली येथे 1912 मध्ये बीटच्या साखरेचा पहिला आधुनिक कारखाना उभा राहिला, तेव्हापासून मशागतीचा क्रम फारसा बदललेला नाही. हिवाळ्याआधी नांगरट करायची, थंडीत ढेकळे गोठून फुटू द्यायची, मार्चमध्ये वाफसा आला की एक-दोन पाळ्या घालायच्या आणि बी टाकायचे. माझे स्पष्ट मत असे आहे की हलक्या जमिनीवर तरी हा क्रम आता सोडावा आणि पट्टा मशागत, म्हणजे फक्त पेरणीच्या ओळीपुरती मशागत, स्वीकारावी. बीटच्या दोन ओळींत 50 सेंमी अंतर असते. पट्टा मशागतीत फण 20 ते 25 सेंमी खोल जातो, मात्र साधारण 20 सेंमी रुंदीचीच माती मोकळी करतो. उरलेल्या 30 सेंमीत मागच्या पिकाचे धसकट जागच्या जागी उभे राहते, म्हणजे साठ टक्के रानाला लोखंड लागतच नाही.

याचा सर्वांत मोठा लाभ वारा सुटतो तेव्हा कळतो. ब्रेकलँड या भागातल्या वाळूत किंवा फेन्सच्या (पाणी उपसून लागवडीखाली आणलेल्या दलदलीच्या प्रदेशाच्या) काळ्या सेंद्रिय जमिनीत एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्याने माती उडते, दोन पानांवरची रोपे वाळूच्या माऱ्याने कापली जातात आणि कधी कधी सगळे रान पुन्हा पेरावे लागते. म्हणून येथील शेतकरी बीटबरोबर जव पेरतात आणि बीटने जीव धरला की तो जव तणनाशकाने मारतात. जे काम धसकट फुकट करते, त्यासाठी आपण आधी ते गाडतो आणि मग विकतचे बी व औषध घालून नवे आच्छादन उभे करतो, हे मला पटत नाही.

औतवाला (केंब्रिजशायर, इंग्लंड):
वाळूपुरते आपले म्हणणे मान्य आहे; परंतु मी ज्या शेतांची व्यवस्था पाहतो, ती चुनखडीयुक्त भारी चिकण मातीची आहेत, आणि तेथे हा प्रयोग पाहून मी माघार घेतली आहे. ओल्या चिकण मातीतून फण ओढला की दोन्ही बाजूंची माती लिंपली जाते. जूनमध्ये त्या पट्ट्यात उभा खड्डा घेतला, तेव्हा कडा चकचकीत दिसत होत्या आणि सोटमूळ त्या भिंतीला टेकून खाली वळले होते. काही मुळांना तर दोन-तीन फाटे फुटले होते. असे बीट काढताना तुटते, त्याच्या बेचक्यांत माती अडकते आणि ती माती कारखान्यापर्यंत जाते.

दुसरी अडचण बियाची आहे. लेप दिलेले बीटचे बी दोन ते तीन सेंमी खोल पडावे लागते. पट्ट्यात ओले काड राहिले असेल, तर पेरणीयंत्राची तबकडी ते कापत नाही, दुमडून फटीत दाबते आणि बी त्या काडावर लटकत राहते. गव्हात अशी चूक खपते, कारण गहू फुटवे काढून रिकामी जागा भरतो. बीटला फुटवे नसतात. हेक्टरी लाखभर रोपांचे उद्दिष्ट असताना उगवण विरळ झाली, तर ते नुकसान काढणीपर्यंत भरून निघत नाही.

पाभर:
भारी जमिनीत वसंतात ओला फण घालावा, असे मी म्हटलेले नाही. तेथे पट्टे धान्याच्या काढणीनंतर, जमीन कोरडी आणि ठिसूळ असतानाच काढावेत, थंडीला त्यांवर काम करू द्यावे आणि मार्चमध्ये उपग्रहाच्या मार्गदर्शनाने, दोन-तीन सेंमीच्या अचूकतेने, त्याच पट्ट्याच्या मध्यावर टोकण करावी. पट्ट्यातील माती उघडी आणि गडद असल्याने ती धसकटाखालच्या मातीपेक्षा लवकर तापते. शिवाय खताचा पहिला हप्ता रोपाजवळ देता येतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यात, सिडनी येथील सरकारी कृषी संशोधन केंद्राने तुषार सिंचनाखालच्या बीटवर अनेक वर्षे या पद्धतीचा अभ्यास केला. त्यांना साखरेच्या उताऱ्यात प्रचलित मशागतीच्या तुलनेत घट आढळली नाही आणि रानातून होणाऱ्या फेऱ्या मात्र कमी झाल्या.

तणकट (ग्योटिंगेन, जर्मनी):
मोंटानाचा दाखला इंग्लंडला लावताना एक गोष्ट नजरेआड होत आहे. अमेरिकेत 2008 पासून ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे जनुकीय बदलाचे बीट मोठ्या प्रमाणावर पेरले जाते. पीक उभे असताना त्यावरून फवारणी करता येते, त्यामुळे नांगर गेल्याने तणाचे काय होईल, ही चिंता तेथे मुळातच सौम्य झाली. युरोपात तो मार्ग बंद आहे. येथे ग्लायफोसेट पेरणीपूर्वीच वापरता येते, आणि युरोपीय संघाने 2023 मध्ये त्याला दहा वर्षांची मुदतवाढ दिली असली, तरी त्यावरचा वाद शमलेला नाही. बीटमधले जुने भरवशाचे तणनाशक डेस्मेडिफॅम 2019 च्या निर्णयानंतर बाजारातून गेले. जमिनीवर थर धरून काम करणारी तणनाशके काडावरच अडकतात. यांत्रिक कोळपणी करावी, तर कोळप्याच्या पासांत काड गुंतते. म्हणजे ज्या साठ टक्के न हलवलेल्या रानाचा पाभर यांना अभिमान आहे, तेच रान तण सांभाळण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड ठरते.

जर्मनीतील पुष्कळ शेतकऱ्यांनी मधला मार्ग काढला आहे. ते धान्यानंतर मोहरी किंवा फॅसेलिया हे आच्छादन पीक पेरतात, ती थंडीत मरते आणि तिच्या वाळलेल्या आच्छादनात, उथळ मशागत करून, 45 सेंमीच्या ओळींत बीट पेरले जाते. त्यात धूप पुष्कळ थांबते आणि नवे महागडे अवजारही लागत नाही. पट्टा मशागतीने यापेक्षा अधिक काय साधते, हे तिच्या समर्थकांनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली):
मी बीट पिकवत नाही, ऊस पिकवतो. तरी राहवले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, न जाळता सरीत ठेवणाऱ्यांना पूर्वी हेच सगळे ऐकावे लागले होते. उंदीर वाढतील, तण वाढेल, खत पोचणार नाही, असे सांगितले जात होते. इंग्लंडमधील फेन्स भागात होम फेन येथे 1851 मध्ये जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे, असे वाचले. इतकी माती गमावल्यावरही तेथे नांगराची बाजू घेतली जाते, याचे आश्चर्य वाटते.

औतवाला:
कृष्णाकाठ, तो खांब नांगराने उघडा पडलेला नाही. दलदलीचे पाणी पंपाने उपसल्यावर ती सेंद्रिय जमीन प्रथम आकसली आणि नंतर हवेने कुजत गेली. मशागतीने कुजण्यास हातभार लागत असेल, पण मूळ कारण निचरा आहे, आणि फेन्समध्ये पट्टा मशागत केली तरी निचरा बंद होणार नाही. खोडव्याची तुलनाही येथे लागू पडत नाही, कारण खोडव्याचे मूळ जमिनीत आधीच बसलेले असते. आमचा सगळा प्रश्न काही मिलिमीटरच्या बियाला मातीशी चिकटवण्याचा आहे.

तण आणि बी बाजूला ठेवले, तरी माझा खरा आक्षेप शिल्लक राहतो. बीटची काढणी सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कारखान्याच्या वेळापत्रकाने चालते. नोव्हेंबरच्या चिखलात सहा ओळींचे स्वयंचलित काढणीयंत्र टाकी भरून चालते, तेव्हा त्याचे वजन 50 टनांच्या पुढे जाते, आणि तेच यंत्र प्रत्येक मूळ उपटताना वरची माती ढवळते. पेरणीच्या वेळी जपलेली रचना आठ महिन्यांनी अशी मोडणार असेल, तर ती कशासाठी जपायची? पुढच्या गव्हासाठी मला ते रान उकरावेच लागते.

पाभर:
हाच आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तरीही त्यातून उलट निष्कर्ष निघतो. नांगरून भुसभुशीत केलेले रान 50 टनांच्या यंत्राखाली अधिक खोल दबते. न हलवलेल्या पट्टीत मुळांच्या आणि गांडुळांच्या जुन्या वाटा शाबूत असतात, म्हणून ती भार जास्त पेलते. काढणीयंत्र वरचा थर बिघडवते हे खरे, पण चार वर्षांत एकदा एका थराचे नुकसान होणे आणि त्याच वर्षी आधी नांगरटीनेही अख्खा थर उलथणे, यांत फरक आहे. हलक्या जमिनीचे बीट शक्य तितक्या लवकर काढून भारी जमिनीवरचा वेळेचा ताण कसा कमी करता येईल, हा विचार मशागतीइतकाच महत्त्वाचा आहे.

तणकट यांनी विचारले की आच्छादनातील पेरणीपेक्षा अधिक काय मिळते. उथळ मशागतीत मुळाखालचा घट्ट थर फुटत नाही, पट्ट्यातल्या फणाने तो नेमका सोटमुळाच्या जागी फुटतो. माझ्या दृष्टीने फरक एवढाच आहे, आणि जेथे घट्ट थर नाही तेथे आपली पद्धत पुरेशी आहे, हे मी मान्य करतो. माव्याचाही, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीचाही, विचार करावा. 2020 मध्ये माव्याने पसरणाऱ्या पिवळ्या विषाणूंनी इंग्लंडचे बीट झोडपले, आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकाच्या बीजप्रक्रियेला आणीबाणीची परवानगी नाकारली. उघड्या मातीवरची हिरवी रोपे माव्याला ठळक दिसतात, ओळींमधल्या फिकट काडामुळे तेवढी दिसत नाहीत.

तणकट:
त्या काडात तग धरलेली तणे आणि आपोआप उगवलेले जुने बीट हिवाळाभर मावा व विषाणू दोन्ही पोसतात, हे त्याच वाक्यात यायला हवे होते. गोगलगाईंचा उल्लेख तर कोणीच केला नाही. दमट वसंतात त्या धसकटाखाली दिवस काढतात आणि रात्री पट्ट्यात येऊन कोवळी रोपे कुरतडतात.

औतवाला:
येत्या हंगामात एका चिकण मातीच्या शेताचा कोपरा मी पट्ट्यांसाठी द्यायला तयार आहे. अडचण अशी की आमच्याकडे पट्टे काढणारा कंत्राटदार वेगळा आणि टोकण करणारा वेगळा असतो. दोघांच्या ट्रॅक्टरांतील मार्गरेषा जुळल्या नाहीत आणि यंत्र पट्ट्यावरून दहा सेंमी सरकले, तर बी थेट न हलवलेल्या मातीच्या कडेला पडेल. पाभर यांनी आपल्याकडे या रेषा एका यंत्रातून दुसऱ्यात कशा नेल्या जातात आणि पट्टे काढणारे व पेरणारे यंत्र सारख्याच ओळींचे असावे लागते का, हे सविस्तर लिहावे. पट्टे काढण्याचा दिवस मात्र मी मातीचा गोळा हातात चुरून ठरवेन, कंत्राटदाराच्या सोयीने नाही.